नकाशातली टेकडी

मी उठता-बसता चिडते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मला कुकर म्हणतात, तेही माझ्या तोंडावर. त्यामुळे माझ्या रागाला कोणी फारशी किंमत देत नाही आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या आत्याला रागावलेलं मी आयुष्यात दोनदाच पाहिलं. दोन्ही वेळा गेल्याच वर्षी, आणि दोन्ही वेळा एका शब्दावरून. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सतराव्या वर्षी दगडखाणीवर कामाला लागली, खाण बंद पडली तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. काम निवडणीचं. सुरुंग उडाला, धूळ खाली बसली की फुटलेला दगड खालच्या अंगणात येऊन पडायचा. आत्या हातोडी घेऊन एकेका दगडापाशी जायची, एक ठोका द्यायची आणि ऐकायची. खणखणीत वाजला तर तो घडवणाऱ्यांकडे. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, तो टाकाऊ. तिसरा कुजका. वरून धडधाकट दिसतो, पण नखाने खरवडला तर पिवळट भुगा हातात येतो. तोही टाकाऊ. टाकाऊ माल, वरचा मुरूम, माती, सगळं लोखंडी गाड्यांत भरून रुळावरून ढकलत न्यायचं आणि लांब नेऊन ओतायचं, हेही त्याच बायकांचं काम. अठ्ठावीस वर्षं तिने हे केलं. सुरुंगांनी डावा कान गेला, म्हणून बोलताना ती समोरच्याकडे उजवा गाल करते. नवख्या माणसाला वाटतं, बाई तोंड फिरवून बसली.

सवय मात्र गेली नाही. मी नव्या घरात राहायला आले आणि तिला सोबत आणलं, तेव्हा पहिल्या दिवशी तिने चमच्याच्या दांड्याने घरातली एकूण एक फरशी वाजवून पाहिली. अकरा फरश्या पोकळ निघाल्या. बिल्डरचा माणूस म्हणाला की आजी, असं काही नसतं. आत्याने त्याला गुडघ्यांवर बसवलं आणि कान लावायला लावला. आठवड्याने अकराच्या अकरा फरश्या बदलून मिळाल्या.

मी भूगोल शिकवते. पदवीच्या अभ्यासाला असताना सुट्टीत तिच्याकडे गेले की मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, आत्या, खडक तीन प्रकारचे. लाव्हा थिजून झाला तो अग्निजन्य, गाळ थरावर थर साचून झाला तो स्तरित, उष्णतेने नि दाबाने ज्याचं रूप पालटलं तो रूपांतरित. ती ऐकून घ्यायची. मग विचारायची की यातला बद्द कुठला. मी म्हणायची, अगं, तसा प्रकार नसतो. तिला हसू यायचं. तो जन्माला कसा आला याची तुम्हाला पडली आहे, म्हणायची, आता त्याची तब्येत कशी आहे ते कोणीच विचारत नाही. कुजक्या दगडाला आमच्यात विदारण झालेला खडक म्हणतात, हे सांगितलं तर म्हणाली, चांगलं आहे, पण ओरडून सांगायला लांब पडतं. मला त्याचं कौतुक वाटायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वाटतं तसलं कौतुक, ज्यात ऐकणं कमी असतं. हे आता कळतं.

आत्याच्या खाणीच्याच गावात मला नोकरी लागली ती खाण बंद पडून वीस वर्षं झाल्यावर. खाण म्हणजे तोवर रस्त्यापलीकडचा पाण्याने भरलेला खड्डा. रूळ कधीच उखडून नेलेले. आणि शाळेच्या मागे, मैदान संपतं तिथे, एक छान हिरवी टेकडी. गवत, झुडपं, उतारावर पाच-सहा बऱ्यापैकी मोठी झाडं. मी हरखून गेले. भूगोलाच्या बाईला शाळेच्या मागच्या दारी भूरूप मिळालं तर आणखी काय हवं? दरवर्षी सहावीच्या मुलांना मी तिथे नेत असे. आजूबाजूच्या सपाट जमिनीपेक्षा उंच, पण डोंगराएवढी नाही, ती टेकडी. हा माथा, हा उतार, हा पायथा. काढा चित्र. अकरा वर्षं मी हे शिकवलं. सहाशे मुलांनी तरी त्या चित्रांखाली ‘नैसर्गिक भूरूप’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं असेल आणि मी त्यावर लाल पेनाने ‘छान’ लिहिलं.

आत्या माझ्याकडे राहायला आल्यावर एकदा मी वह्या तपासत होते. तिने चित्र पाहिलं आणि विचारलं हे कुठलं. मी सांगितलं, आमच्या शाळेमागची टेकडी. ती म्हणाली, कसली टेकडी, तो आमचा ढीग. मी हो हो म्हटलं आणि पुढची वही उघडली. मला वाटलं, खाणीवरचे लोक तिला लाडाने ढीग म्हणत असतील. मी भूगोलाची पदवीधर, आणि मला एवढा साधा शब्द त्याच्या साध्या अर्थाने ऐकू आला नाही. तिचा एकच कान गेला आहे, माझे दोन्ही गेले होते.

गेल्या वर्षी शाळेला तीन नव्या खोल्या मंजूर झाल्या. जागा अपुरी, म्हणून पालिकेने ठरवलं की टेकडीचा पायथा बारा फूट आत कापायचा, तिथे उभी भिंत बांधायची आणि भिंतीला लागून खोल्या. मी घरी येऊन आनंदाने सांगितलं. आत्या शेंगा सोलत होती, हात थांबले.

“पायथा कापणार?” तिने विचारलं. “कोणी सांगितलं त्यांना कापायला?”

मी म्हटलं, नकाशात टेकडी आहे, अभियंता आहे, सगळं बघूनच करतात. तेव्हा ती पहिल्यांदा रागावली. आवाज चढला नाही. तिने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. सगळ्यात खाली एक वळणदार रेघ काढली. हा ओहोळ, म्हणाली, बारमाही होता, आम्ही हात-पाय धुवायचो. त्यावर तिने ठिपके मारायला सुरुवात केली. ही माती, हा मुरूम, हा कुजका माल, हे बद्द दगड. मोठे दगड घरंगळत खाली जायचे, बारीक माल वर राहायचा. पहिल्या दोन वर्षांतच ओहोळ बुजला. मुकादमाला सांगितलं होतं की पाण्यावर टाकू नका. तो म्हणाला, पाणी आपली वाट शोधेल. कागद ठिपक्यांनी भरला तरी ती मारतच होती. कुठेही कशाला काही चिकटलेलं नाही, म्हणाली, नुसतं एकावर एक बसलंय. पायथ्याशी जो दगड आहे ना, त्याच्यावर सगळं टेकलंय. तो काढला की वरचं कशावर उभं राहील? आणि खाली पोरं बसवणार?

मी त्या कागदाकडे बघत राहिले. पहिला विचार माझ्या मनात आला तो पोरांचा नव्हता, अकरा वर्षांच्या वह्यांचा होता. हे कबूल करायला लाज वाटते, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. भला माणूस, पण वरून आलेल्या कागदापुढे त्यांचा कणा मऊ होतो. त्यांनी आत्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे माझ्या हातात नाही. खोल्या मिळायला सात वर्षं लागली आहेत. बाहेर पडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, वयाचा मान राखा, पण तुम्ही तरी शास्त्र शिकलेल्या आहात. मला वाटलं तिथेच शिट्टी व्हावी. पण आत्या पुढे चालू लागली होती.

मग पालिकेत. अभियंता तिशीतला, चुणचुणीत, टेबलावर तीन फोन. जमिनीची तपासणी झाली आहे का, मी विचारलं. झाली आहे की, तो म्हणाला, खोल्यांच्या जागी भोक पाडून पाहिलं, सहा फुटांवर पक्का खडक. आणि टेकडीत? टेकडीत कशाला पाडायचं, ती टेकडी आहे. त्याने नकाशा पसरला. समोच्च रेषा, गोल गोल, मधे छापलेलं: टेकडी. आत्या उजवा गाल करून उभी होती. तिने सांगितलं की साहेब, तो खाणीचा ढीग आहे, मी स्वतः टाकलाय. तो हसला नाही, एवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे. त्याने शिपायाला पाठवून जुनी मोजणीची वही मागवली. पस्तीस वर्षांपूर्वी नकाशासाठी जो मोजणीदार गावभर फिरला होता, त्याची. पान काढलं, वाचलं आणि मग मात्र त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“आजी, हे बघा. भूरूप, टेकडी. माहिती कोणाकडून, तर खाणीवरील स्त्री कामगार. तुमच्याच लोकांनी सांगितलंय.”

आत्या त्या पानावर वाकली. अभियंत्याने वही मिटली, फोन उचलला, आणि आम्ही बाहेर आलो.

जिन्यात ती एका पायरीवर बसली. लोक वर-खाली करत होते, कोणी म्हटलं आजी जरा सरका, तरी सरकली नाही. मग म्हणाली, मीच सांगितलं होतं ते. दुपारची सुट्टी होती, आम्ही आठ-दहा जणी ढिगाच्या माथ्यावर डबे उघडून बसलो होतो. हा माणूस दुर्बीण नि तिकाटणं घेऊन धापा टाकत वर आला. विचारलं, बायांनो, याला काय म्हणता तुम्ही? सकाळपासून गाड्या ओतून आमचे खांदे निघाले होते. मी म्हटलं, टेकडी म्हणतो साहेब, आमच्या हातांनी केलेली. सगळ्या जणी खो खो हसल्या. तोही हसला. आणि त्याने वहीत लिहिलं.

“टेकडी एवढंच लिहिलं,” आत्या म्हणाली. “पुढचं हसण्यात गेलं.”

अठ्ठावीस वर्षं त्या बाईने मुकादमाला, मालकाला, पाहणीला येणाऱ्या साहेबांना काय काय सांगितलं असेल. पाण्यावर टाकू नका सांगितलं, गाडीचं चाक सैल आहे सांगितलं, सुरुंगाची वेळ आधी कळवा सांगितलं. त्यातलं एक अक्षर कुठल्या कागदावर चढलं नाही. चढला तो एकच शब्द, तोही अर्ध्या वाक्यातून तोडून, आणि आता तोच तिच्या तोंडावर फेकला जात होता. मी त्या जिन्यात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिपाई खाली बघायला आला होता.

पुढच्या सोमवारी खोदणारं मशीन आलं. मी वर्गात होते. खिडकीतून पाहिलं तर मैदानाच्या टोकाला आत्या, हातात हातोडी, आणि ती सरळ मशीनच्या पुढ्यात जाऊन उभी. मी वर्ग तसाच टाकून पळाले. मी पोचेपर्यंत अभियंताही त्याच्या गाडीतून उतरला होता आणि म्हणत होता की आजी, सरकारी कामात अडथळा आणू नका. आत्या त्याच्याकडे बघतही नव्हती. मशीनने सकाळपासून जेवढं कापलं होतं, त्या ताज्या भिंतीतल्या एका दगडावरचा चिखल ती पदराने पुसत होती. दगडाच्या कडेला एक सरळ, गुळगुळीत पन्हळ दिसली, बोटभर रुंद, वीतभर लांब. अर्धी कापलेली नळी म्हणा.

“हे सुरुंगाचं भोक,” आत्या म्हणाली. “निम्मं. निम्मं दुसऱ्या दगडाबरोबर गेलं. साहेब, टेकडीला आतून सुरुंग कोणी मारला?”

अभियंता म्हणाला, एखादा दगड कोणी आणून टाकला असेल. आत्याने शेजारचा पुसला. त्यावरही पन्हळ. ही उभी होती, ती आडवी. तिसऱ्यावर तिरपी. खरा खडक जागेवर असला की त्याच्या भेगा एका ओळीने जातात, हे मीही शिकवते. इथे प्रत्येक दगड आपापल्या दिशेला तोंड करून बसला होता. मी ते म्हटलंही. त्याने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मशीनवाल्याला म्हणाला की आणखी तीन फूट घे, बघू.

मशीनवाला पोरगेलासा नव्हता, पन्नाशीचा होता, अंगाने जाडजूड, सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. त्याने बकेट घातली आणि ओढली. दगड सुटे होऊन गडगडले आणि त्यांच्या मागे काळी, ओली माती दिसली. पाऊस होऊन चार महिने उलटले होते. त्या काळ्या मातीतून पाणी झिरपायला लागलं. फार नाही, करंगळीएवढी धार. वरून मूठभर खडे आपोआप सुटून खाली आले. मग आणखी मूठभर. मशीनवाल्याने कोणालाही न विचारता मशीन मागे घेतलं, मैदानाच्या पार मध्यापर्यंत नेलं, बंद केलं आणि खाली उतरला. अभियंता ओरडला की मी सांगितलंय का थांबायला. तो म्हणाला, मला घरी बायको आहे. या बाई म्हणतात तेच खरं आहे.

त्या दिवशी शाळा दुपारीच सोडली. मैदानाच्या त्या टोकाचे दोन वर्ग रिकामे केले, कारण तेही त्याच उताराखाली होते. कापलेल्या जागी दुसऱ्या दिवशीच दगडांचा भार परत रचला, कसा रचायचा ते आत्या मैदानात खुर्ची टाकून सांगत होती. पंधरा दिवसांनी बाहेरून भूगर्भाची माणसं आली आणि माथ्यावरून भोकं पाडली. वरपासून खालपर्यंत सुटा माल, तळाला चिखल आणि पाणी. ओहोळ जिथे सांगितला होता तिथेच. त्यांच्यातली एक तरुण मुलगी आत्याचा ठिपक्यांचा कागद हातात धरून म्हणाली की आमचा छेद याहून वेगळा येणार नाही. तीन खोल्या रस्त्याच्या बाजूला हलवल्या. ढिगाचा उतार सौम्य करायचं आणि आतल्या पाण्याला वाट करून द्यायचं काम सुरू झालं. मी सहावीच्या वर्गात उभी राहिले आणि सांगितलं की अकरा वर्षं बाईंनी चूक शिकवली. एका मुलाने विचारलं, मग आमचे गुण कापणार का? मला हसताही येईना.

इथे सगळं मिटायला हवं होतं. दोन महिन्यांनी पालिकेचा आदेश आला, नकाशा दुरुस्त केल्याचा. मुख्याध्यापकांनी मला प्रत दिली, मी घरी नेऊन आत्याला वाचून दाखवली. ‘टेकडी’ऐवजी ‘भराव, जुन्या दगडखाणीचा’. ठीक. पालिकेच्या अभियंत्यांनी प्रत्यक्ष पाहणीत ही बाब वेळीच निदर्शनास आणल्याबद्दल त्यांचं अभिनंदन. माझे दात आवळले गेले, पण वाचत राहिले. आणि मग शेवटचं वाक्य. मूळ नकाशातील नोंद, स्थानिक खाणकामगार स्त्रियांनी पुरवलेल्या चुकीच्या माहितीमुळे झाली होती.

आत्याने ते पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. माझंही डोकं फिरलं होतं, पण तिचं वय शहात्तर, म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, जाऊ दे ना आत्या. पोरं तिथून हलली, ते महत्त्वाचं.

ती माझ्याकडे वळली. उजवा गाल नाही, पूर्ण चेहरा.

“तिथे तुझं नाव असतं,” ती म्हणाली, “तर जाऊ दिलं असतंस?”

ती बोलत राहिली. त्या आठ-दहा जणींमधल्या आता दोघीच आहोत, म्हणाली. बाकीच्या गेल्या, कोणी छातीत धूळ भरून, कोणी गाडीखाली. त्यांच्या नावाने जगात दुसरा कागद नाही. हा एकच आहे, आणि त्यात त्या खोट्या ठरल्या. मी दगड निवडताना चुकले असेन, हो म्हणते. पण हे मी चुकीचं सांगितलं नव्हतं. पूर्ण सांगितलं होतं.

सकाळी आम्ही पालिकेत गेलो. अभियंता म्हणाला की आदेश निघाला, आता बदलत नाही, आणि एका शब्दाने असं काय बिघडतं. एका शब्दाने काय बिघडतं हे या माणसाने मला विचारावं. मी तोंड उघडणार तोच आत्याने माझा हात दाबला, टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. अकरा वाजता बसली. फोन वाजले, लोक आले-गेले, त्याने दोनदा चहा मागवला, एक तिच्यापुढे ठेवला, तिने घेतला नाही. दोन वाजता त्याने फाइल उघडली. पूरकपत्रक काढता येईल, म्हणाला, पण मजकूर नेमका काय हवा ते सांगा.

आत्या पुढे सरकली आणि कान नीट लागावा म्हणून मान वळवली.

“लिहा, साहेब. टेकडी म्हणतो, आमच्या हातांनी केलेली,” ती म्हणाली. “हळू सांगते. या वेळी शेवटपर्यंत लिहा.”